नुसता नकाशा मिळणार नाही

मराठीत 'नुसता' या शब्दाला दोन अंगे आहेत. 'तो नुसता बसून असतो' यात हिणवणे आहे. 'मला नुसते दूध दे, साखर नको' यात एका माणसाने केलेली निवड आहे. पहिले अंग अजून शाबूत आहे. दुसरे मात्र बाजारात दिवसेंदिवस दुबळे होत चालले आहे, आणि भाषेवर पोट भरणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचा पत्ता नसावा, याचे मला नवल वाटते. गॅसची नवी जोडणी घ्यायला गेलेल्या माणसाला 'शेगडीही आमच्याकडूनच घ्यावी लागेल' असे वितरकाच्या खिडकीतून सांगितले गेल्याच्या कथा कोणत्या घरात नाहीत? शेगडी कोठूनही घेता येते, असे तेल कंपन्या स्वतःच सांगतात. खिडकीपाशी ते कोणी सांगत नाही. आमच्या हिंगोली जिल्ह्यात तर या प्रकाराला एक रुळलेला शब्द आहे, 'लिंकिंग'. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्याची किंमत सरकारने ठरवलेली, २६६ रुपये ५० पैसे. पण पोते हवे तर सोबत सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली किंवा नको असलेल्या दुसऱ्या खताची पिशवी उचलावी लागते, अशी तक्रार दर खरिपात ऐकू येते. लिंकिंग करू नका, असे कृषी विभाग दर हंगामात बजावतो. दर हंगामात बजावावे लागते, यातच सारे आले.

मी येथे लिहिणार आहे ते खतांविषयी नाही, दिशादर्शक सॉफ्टवेअरविषयी. विषय क्षुल्लक आणि या पानांवर अस्थानी वाटेल, याची मला कल्पना आहे. पण 'मला नुसते हे द्या' हे वाक्य ऐकूनच न घेण्याची जी रीत खताच्या दुकानात अडाणी स्वरूपात दिसते, तीच ग्राहक-सेवा नावाच्या सुशिक्षित भाषेत किती सफाईने वावरते, हे त्या प्रकरणात मला वाक्यावाक्याने पाहायला मिळाले. वाक्ये वाचणे हा आपला धंदा आहे. म्हणून हा लेख.

२००९ सालची गोष्ट. मी तेव्हा तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होतो. तासिका तत्त्व म्हणजे काय, हे या वाचकवर्गाला समजावून सांगण्याची गरज नसावी. पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांना घेऊन सेनगाव, औंढा आणि कळमनुरी या तालुक्यांतील गावनावे आणि शिवारनावे गोळा करण्याचे काम आम्ही हाती घेतले होते. गावाच्या पांढरीचे नाव सरकारी कागदात असते, काळीतल्या तुकड्यांची नावे मात्र माणसांच्या तोंडी असतात. ती सांगणारी माणसे वर्षागणिक कमी होत होती. कोणते नाव नेमके कोठले, हे टिपण्यासाठी जागेचे अक्षांश-रेखांश हवे होते आणि पाणंदीतून, गाडरस्त्यांतून दुसऱ्या दिवशी त्याच जागी परत पोहोचायचे होते. माझ्याकडे उपग्रहाचे संकेत पकडणारा फोन होता, हप्त्याने घेतलेला. त्या काळी त्या भागात फोनवरचे इंटरनेट असून नसल्यासारखे होते. त्यामुळे नकाशा आधीच फोनच्या स्मरणपत्रिकेत भरून ठेवणारे सॉफ्टवेअर लागणार होते. असे सॉफ्टवेअर एक कंपनी विकते, असे कळले. विकते म्हणजे, काचेचा पडदा असलेल्या एका डब्यात घालून विकते. तो डबा मोटारीच्या पुढच्या काचेला चिकटवायचा. माझ्याकडे मोटार नव्हती, काच नव्हती, आणि डब्याची किंमत माझ्या दोन महिन्यांच्या मानधनाहून अधिक होती. डब्यात जो संकेतग्राहक होता, तो माझ्या खिशात आधीच होता.

तेव्हा मी विचारले: नुसते सॉफ्टवेअर कितीला द्याल?

हा प्रश्न सरळ आहे. त्याला तीन सरळ उत्तरे संभवतात. इतक्याला देऊ, देणार नाही, कारण अमुक, माहीत नाही, विचारून सांगतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन महिन्यांत यांपैकी एकही उत्तर मला मिळाले नाही. पहिल्या पत्राला उत्तर आले ते त्यांच्या सर्वाधिक खपाच्या डब्याचे गुणवर्णन होते. दुसऱ्या पत्रात मी 'नुसते' या शब्दाखाली रेघ ओढली. उत्तर आले की आपल्या जवळच्या विक्रेत्याशी संपर्क साधावा. जवळचा विक्रेता नांदेडला निघाला. तो भला माणूस होता. म्हणाला, "सर, डबा आला तर आत सॉफ्टवेअर येतंय. डब्याबिगर आम्हालाच देत नाहीत, तर तुम्हाला कुठून देऊ?" त्या तीन महिन्यांत मला मिळालेले हे एकमेव कारणासहित वाक्य, आणि ते कंपनीच्या बाहेरच्या माणसाचे होते. मग निःशुल्क क्रमांक. तो माझ्या मोबाइलवरून लागत नसे. बीएसएनएलच्या तारेवरून, महाविद्यालयाच्या कार्यालयातून लावावा लागे, आणि कार्यालय अधीक्षकांच्या भुवया पाहत लावावा लागे. पलीकडून आधी हिंदी, मग इंग्रजी, मग संगीत. शेवटी एका तरुणाने माझे म्हणणे खरोखर ऐकून घेतले आणि तक्रार नोंदवायची तयारी दाखवली. त्यासाठी त्याला माझ्या यंत्राचा अनुक्रमांक हवा होता. मी म्हणालो, यंत्र मला नको आहे, हीच तक्रार आहे. तो म्हणाला, सर, अनुक्रमांकाशिवाय प्रणाली पुढे जात नाही.

संकेतस्थळावरचा तक्रारीचा तक्ता भरून पाहिला. तिथेही तोच रकाना होता. शिवाय जिल्ह्यांच्या यादीत हिंगोली नव्हते. परभणीतून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. नकाशे विकणाऱ्यांना ही बातमी दहा वर्षांत पोहोचली नव्हती. परभणी निवडले की पुढचा रकाना पिनकोड मागे, आणि ४३१५१३ घातला की तक्ता तक्रार करी की पिनकोड व जिल्हा यांचा मेळ बसत नाही. निदान त्या तक्त्याला तक्रार करता येत होती.

आमच्या वर्गांतून काफ्काचे 'कासल' शिकवले जाते. १९२६ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीचा नायक भूमापक आहे, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो आणि पुढे जातो. तो जमीन मोजायला आलेला माणूस आहे. गढीला दूरध्वनी लावतो तेव्हा त्याला तारेतून असंख्य बाळआवाजांची मिळून झालेली गुणगुण ऐकू येते. आणि पुढे गावचा प्रमुख त्याला समजावतो की गढीशी निश्चित असा कोणता जोडच नाही, ती गुणगुण हीच काय ती खरी. या प्रसंगावर अस्तित्ववादाच्या अंगाने किती परिच्छेद लिहिले गेले असतील. मला मात्र त्या गुणगुणीत महाविद्यालयाच्या कार्यालयातले ते प्रतीक्षा-संगीत ऐकू येते. ही काफ्काची विटंबना वाटत असेल तर वाटो. जो वाचक गढीच्या दूरध्वनीवर चाळीस मिनिटे व्याख्यान देतो आणि स्वतःच्या दूरध्वनीवर ऐकलेल्या भाषेबद्दल 'सोडा हो, ही कंपन्यांची भाषा' म्हणतो, त्याने कादंबरी कोणत्या जगातली समजून वाचली, हा प्रश्न मला पडतो.

या कंपन्यांच्या भाषेकडे थोडे थांबून पाहू. मराठी क्रियापदात 'होणे' आणि 'करणे' यांतील फरक मूल तीन-चार वर्षांचे होते तेव्हाच शिकते. हातून कप फुटला की मूल म्हणते, 'कप फुटला'. आई विचारते, 'फुटला की फोडला?' ग्राहक-सेवेची सगळी भाषा या पहिल्या वाक्यावर उभी आहे. 'आपली गैरसोय झाली.' 'विलंब झाला.' 'आपली विनंती नोंदवली गेली आहे.' 'पाठपुरावा केला जाईल.' कर्ता कोठेही सापडणार नाही. आणि जिथे कर्ता नाही तिथे 'दिलगीर आहोत' मधले 'आम्ही' कोण? ज्याने काही केलेच नाही तो दिलगीर कशाबद्दल? मराठीत हे आणखी एका थराखाली गाडले जाते, कारण वाक्य आधी इंग्रजीत बनते, तेथून हिंदीत येते आणि हिंदीवरून मराठीत उतरते. 'असुविधेबद्दल खेद आहे' हे त्याचे फलित. 'गैरसोय' हा घरगुती, नेमका शब्द हाताशी असता 'असुविधा' का? कारण गैरसोय कोणीतरी कोणाची तरी करतो. असुविधा हवामानासारखी असते.

दुसरी लकब त्याहून कावेबाज आहे. प्रश्न विचारणाऱ्याच्या वाक्यातून एक शब्द गुपचूप काढून टाकायचा आणि उरलेल्या वाक्याला उत्साहाने उत्तर द्यायचे. मी 'नुसते सॉफ्टवेअर' म्हणे, उत्तरात 'सॉफ्टवेअर' येई. 'नुसते' वाटेत गळे. आपल्या संहितासंपादनाच्या परिभाषेत याला पाठभेद म्हणतात. लेखनिकाच्या हलगर्जीपणाने शब्द गळतो तो वेगळा, आणि आपल्या मताला अडचणीचा म्हणून गाळलेला वेगळा, एवढे आपण हस्तलिखितांच्या बाबतीत जाणतो. तीन महिन्यांत सात वेळा एकच शब्द गळला, तर तो हलगर्जीपणा म्हणायचा का?

आता कंपनीची बाजू. ती आहे, आणि कमी वजनाची नाही. त्या काळी स्मरणपत्रिकेवरचा नकाशा एकाकडून दुसऱ्याकडे उतरवून घेणे हा हातचा मळ होता. डब्यात कोंडलेला नकाशा चोरणे त्यामानाने कठीण. शेकडो प्रकारचे फोन, प्रत्येकाचा संकेतग्राहक वेगळा. त्यांपैकी एकावर सॉफ्टवेअर अडखळले तर दोष कोणाचा, हे ठरवण्यात छोटी कंपनी बुडेल. ही कारणे मला पटण्यासारखी आहेत. कोणी ती मला सांगितली असती तर मी नांदेडची खेप न घालता कागद आणि होकायंत्र घेऊन शिवारात गेलो असतो. नकार हा एक आदर आहे. समोरच्याला प्रश्न कळतो आणि उत्तरही कळेल, असे मानूनच नकार दिला जातो. मला विकायला नाही म्हटल्याचा राग नाही. 'नाही' न म्हणता तीन महिने विकत राहिल्याचा आहे.

आणि सॉफ्टवेअर सुटे विकणे ही काही विचित्र मागणी नव्हती. सॉफ्टवेअर ही स्वतंत्र किंमत असलेली वस्तू आहे, ही कल्पनाच मुळी सोडवणुकीतून जन्मली. संगणकासोबत सॉफ्टवेअर आणि सेवा एकाच भाड्यात बांधून देणाऱ्या आयबीएमने २३ जून १९६९ रोजी त्यांची किंमत वेगळी करण्याची घोषणा केली, आणि त्यानंतरच सॉफ्टवेअरचा व्यवसाय आज आपण ओळखतो त्या रूपात वाढला. दिशादर्शनातही क्रम उलटाच होता. नेदरलंड्समधील टॉमटॉमने २००२ साली हातसंगणकांसाठी 'नॅव्हिगेटर' काढले; सगळे एकत्र असलेला 'गो' हा डबा २००४ मध्ये आला. म्हणजे आधी सुटे, मग बांधलेले. डबा ही निसर्गाची व्यवस्था नव्हती, विक्रीची होती.

माझा पत्रव्यवहार थकून थांबला त्यानंतर तीनच महिन्यांनी, २१ जानेवारी २०१० रोजी, नोकियाने आपल्या फोनांवरचे दिशादर्शन मोफत केले. ज्या वस्तूची सुटी किंमत सांगायला माझ्या कंपनीत कोणी तयार नव्हते, ती दुसरीकडे एका दिवसात शून्य किमतीची झाली. मित्र म्हणाले, बघ, उगाच डोके फोडत होतास. पण 'मोफत' याचा अर्थ नीट वाचावा. ते नोकियाच्या फोनसोबत मोफत होते. म्हणजे पुन्हा डबाच. फक्त या खेपेस त्याची किंमत दिसत नव्हती.

येथे मला आपल्याच परंपरेतील एक साधी गोष्ट आठवते. नकाशा हा मजकूर आहे. त्यात नावे आहेत, नावांचा क्रम आहे, वाचनाची दिशा आहे. तो कशावर वाचायचा, हे वाचकाने ठरवावे. पोथी विकत घेणाऱ्याला 'समई आमचीच घ्यावी लागेल' असे कोणी म्हटले नाही. आमच्या जिल्ह्यातले नर्सी हे परंपरेने नामदेवांचे जन्मगाव. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत. इतक्या लांब ती गेली ती कशात बांधून गेली? घुमानला २०१५ च्या एप्रिलमध्ये साहित्य संमेलन भरले तेव्हा आपण सगळे मराठीच्या या प्रवासाने गहिवरलो होतो. तो प्रवास मजकूर आणि त्याचे वाहन यांची फारकत झाल्यामुळेच शक्य झाला, हे त्या भाषणांच्या गर्दीत कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. औंढ्याची आख्यायिका तर या विषयासाठीच रचल्यासारखी आहे. नामदेवांना देवळापुढे कीर्तन करू दिले नाही, ते मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करते झाले. नंदी मात्र मागे राहिला. ज्या तालुक्यात दगडी देऊळ एका माणसाच्या म्हणण्यासाठी दिशा बदलल्याची कथा सांगतात, त्या तालुक्यातून मी एका तक्त्यातला एक रकाना बदलून मागत होतो.

'आता काय त्याचे? आता प्रत्येकाच्या खिशात नकाशा आहे,' असे कोणी म्हणेल. आहे. तो कोणत्या अटींवर आहे, ते पाहावे. नकाशासोबत खाते घ्यायचे, खात्यासोबत आपल्या हालचालींची नोंद द्यायची. ही शेगडी आता आपल्याला दिसेनाशी झाली आहे इतकेच. मोटार घेणाऱ्याला अंगभूत नकाशा हवा असेल, तर अनेक गाड्यांत तो सर्वांत वरच्या श्रेणीतच मिळतो. म्हणजे रस्ता हवा तर छताची काच, कातडी आसने आणि इतर सरंजामही घ्या. आणि भाषा? गूगलने २०१८ च्या मार्चमध्ये भारतीय भाषांत रस्ता बोलून सांगण्याची सोय वाढवली, तेव्हा बंगाली, गुजराती, कन्नड, तेलुगू, तमिळ आणि मल्याळम अशा सहा भाषा निवडल्या. मराठी त्यांत नव्हती. यावर आपल्या भाषाभिमानाला किती ओरखडा आला, हे मी सांगायला नको. त्या वर्षीची चर्चासत्रे आठवून पाहा.

नावांचे तर विचारूच नका. रोमन लिपीत औंढा आणि औंध यांच्यात एका अक्षराचे अंतर आहे. त्या अक्षराच्या चुकीने माणूस मराठवाड्यातून पुण्यात पोहोचतो. सेनगाव तालुक्यातले गोरेगाव शोधणाऱ्याला यंत्र आधी मुंबईचे गोरेगाव दाखवते, कारण तिथे जाणारे अधिक. वसमत की बसमत, यावर सरकारी पाट्यांतच एकमत नाही, तेव्हा यंत्राला काय दोष द्यावा? याच औंढा तालुक्यात दुधाळा येथे गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी वेधशाळा उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अब्जावधी वर्षांपूर्वीचा हादरा नेमका आकाशाच्या कोणत्या भागातून आला, हे येथून ताडले जाईल. दुधाळ्याच्या शेजारच्या शिवाराचे नाव मात्र कोठेही नोंदलेले नसेल. आमच्या २००९ च्या वह्या आहेत, पण त्यांत अक्षांश-रेखांश नाहीत. 'वडाच्या खालच्या अंगाला, मावळतीकडे दोन बांध सोडून' एवढेच आहे. त्यांतला वड आता उभा असेल असे नाही.

कायद्याकडे वळावे तर तेथे एक आशा आणि एक मेख आहे. एक वस्तू हवी तर दुसरी घेतलीच पाहिजे अशी अट घालणे, याला आपला कायदा 'प्रतिबंधक व्यापारी प्रथा' म्हणतो. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ही व्याख्या दुरुस्तीने आली आणि २०१९ च्या नव्या कायद्यात ती कलम २(४१) मध्ये आहे. तो कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि त्यात आणखी एक चांगली गोष्ट झाली: तक्रारदार जिथे राहतो वा काम करतो तिथेच त्याला तक्रार दाखल करता येते. हिंगोलीच्या माणसाला कंपनीच्या गावी जायला नको. ही मेहेरबानी आभाळातून पडलेली नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि या महाराष्ट्रातील माणसांनी ग्राहकाला कायद्यात जागा मिळावी म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली. या चळवळीची पत्रके, तिने घडवलेले मराठी शब्द यांवर आपल्या विद्यापीठांत काही संशोधन व्हायला काय हरकत होती?

मेख अशी. कायद्यात ग्राहक म्हणजे मोबदला देऊन, किंवा देण्याचे कबूल करून, वस्तू विकत घेणारा. ज्याला ती नाकारली गेली, ज्याने अट मान्य न करता हात आखडता घेतला, तो या व्याख्येच्या उंबरठ्यावरच अडकतो. बाटली घेऊन युरिया नेणारा शेतकरी ग्राहक. बाटली नको म्हणून रिकाम्या हाताने परतणारा कोण? मी तो डबा विकत घेतला असता तर डब्याच्या सक्तीविरुद्ध माझी बाजू बळकट झाली असती. म्हणजे कायदाही आपल्या परीने आधी यंत्राचा अनुक्रमांक विचारतो. ग्राहक संघटना आणि २०२० साली स्थापन झालेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण यांना समूहाच्या वतीने अशा प्रकरणांत हात घालता येतो, हे खरे; पण त्यासाठीही कोणीतरी पहिले पत्र लिहावे लागते.

आणि पहिले पत्र लिहायला आपण शिकवतो काय? पदवीच्या अभ्यासक्रमात 'व्यावहारिक मराठी' नावाची पत्रिका असते. साहित्याचे प्राध्यापक ती नाक मुरडून शिकवतात, बहुधा नव्याने लागलेल्या किंवा तासिका तत्त्वावरच्या माणसाच्या गळ्यात मारतात. तीत तक्रार अर्जाचा एक नमुना असतो. 'वरील विषयास अनुसरून' ने सुरुवात, 'मी आपल्या सेवेचा नियमित ग्राहक आहे' अशी निष्ठेची ग्वाही, 'माझी गैरसोय झाली आहे' असे कर्तृहीन वाक्य, आणि 'तरी कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती' असा शेवट. 'योग्य ती' म्हणजे कोणती, हे अर्जदार सांगत नाही. ते ठरवणे त्याने समोरच्यावर सोपवलेले असते. हा नमुना आणि ग्राहक-सेवेचे उत्तर शेजारी ठेवून वाचा. दोन्हींची घडण एकच आहे. एक कर्ता नसलेली तक्रार करतो, दुसरा कर्ता नसलेली दिलगिरी देतो, दोघांचे पोट भरते. जी भाषा आपण कंपन्यांची म्हणून झटकतो, तिचा अर्धा भाग आपल्याच वर्गांत घोटून घेतला जातो आणि त्याला दहापैकी आठ गुण मिळतात.

गेली काही वर्षे मी ही पत्रिका मागून घेतो. तक्रार अर्जाच्या प्रश्नाला मी तीन अटी घातल्या आहेत: प्रत्येक क्रियापदाला कर्ता हवा, काय हवे ते वस्तूच्या नावाने आणि रकमेने लिहायला हवे, आणि अर्ज खऱ्या पत्त्यावर खरोखर द्यायला हवा. पहिल्या वर्षी वर्गातल्या निम्म्या मुलांनी नमुनाच उतरवून दिला. यंदा सेनगावकडच्या एका मुलीने चार ओळींचा अर्ज लिहिला. अमुक तारखेला माझ्या वडिलांनी दुकानदाराकडे युरियाची दोन पोती मागितली. दुकानदाराने सोबत औषधाची बाटली घ्यायला लावली. बाटलीचे पैसे त्याने परत करावेत आणि पुढच्या खेपेला नुसता युरिया द्यावा. पावती जोडली आहे. 'कृपया' नाही, 'अनुसरून' नाही. विभागातील एका सहकाऱ्याने अर्ज वाचून मुलीला विनयाचे गुण कापायला सुचवले. तो अर्ज पंचायत समितीच्या कृषी विभागात दिला आहे आणि त्याला आवक क्रमांक मिळाला आहे. उत्तर अजून आलेले नाही.